वार होण्याआधीची शांतता

उंच बांबूंचे वन. शेंड्यांतून झिरपणारे ऊन, जमिनीलगत रेंगाळणारे धुके आणि त्या धुक्यात शस्त्रे परजून समोरासमोर उभी ठाकलेली काही माणसे. बराच वेळ कोणीही हलत नाही. मग एक तरुणी सहकाऱ्याच्या आधाराने उसळी घेते, बांबूच्या खोडावर पाय देत वर जाते आणि तेथून ससाण्याने झडप घालावी तशी, डोके खाली करून, प्रतिस्पर्ध्यावर कोसळते. डोळ्यांनी नीट टिपण्याआधीच सारे संपलेले असते. मागे उरतो तो फक्त हलणाऱ्या पानांचा आवाज.

‘अ टच ऑफ झेन’ या चित्रपटातील हा प्रसंग पडद्यावर जेमतेम दहा मिनिटांचा आहे. त्याच्या चित्रीकरणाला पंचवीस दिवस लागले. पुढे तीन दशकांनी आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने (२०००) आणि त्यानंतर झांग यीमू यांच्या ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ने (२००४) जगभरच्या प्रेक्षकांना बांबूच्या वनातील द्वंद्वांनी मोहवले, तेव्हा जाणकारांना आठवण झाली ती याच प्रसंगाची आणि तो रचणाऱ्या किंग हू यांची.

चिनी भाषेत ‘वूश्या’ नावाचा एक जुना कथाप्रकार आहे. त्यात भटके तलवारबहाद्दर असतात, दिलेल्या शब्दाखातर प्राण पणाला लावणारे वीर व वीरांगना असतात, भिंतींवरून आणि पाण्यावरून चालण्याची सिद्धी मिळवलेले गुरू असतात. आपल्याकडच्या ऐयारीच्या कथा ज्यांनी लहानपणी वाचल्या असतील, त्यांना या विश्वाची थोडी कल्पना येईल. या कथांवर हाँगकाँगमध्ये किंग हू यांच्याआधीही चित्रपट निघत होते. पण त्यांतील मारामारी म्हणजे कथेच्या मध्येच थांबून दाखवलेला खेळ असे. हा खेळ बंद करून मारामारीलाच कथा सांगायला लावायचे, हे काम किंग हू यांनी केले. त्यासाठी त्यांना मोजावी लागलेली किंमतही थोडीथोडकी नव्हती.

त्यांचे मूळ नाव हू जिनछुआन. जन्म १९३२ सालचा, बीजिंगमधील एका सुस्थित आणि सुशिक्षित घराण्यातला. जुन्या चित्रांची, सुलेखनाची आणि इतिहासाची ओढ त्यांना तेथेच लागली. मात्र त्यांच्या पुढील आयुष्याला वळण लावणारी गोष्ट होती पेकिंग ऑपेरा. त्या रंगमंचावर युद्ध खरे नसते. नट कोलांट्या घेतो, भाला फिरवतो, आणि झांज-नगाऱ्याचा ठेका टिपेला पोहोचताच एकदम स्तब्ध होऊन प्रेक्षकांकडे रोखून पाहतो. त्या क्षणभराच्या स्तब्धतेत त्या पात्राचा राग, अभिमान किंवा भय एकवटलेले असते. कोकणात दशावतारातील युद्ध ज्यांनी रात्र जागून पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लढाई तेथे अंगाची कमी आणि भावाची अधिक असते. बीजिंगच्या नाट्यगृहांत बसलेल्या त्या मुलाने हे मनात साठवून ठेवले.

१९४९ साली चीनमध्ये सत्तांतर झाले, त्या वर्षी हू हाँगकाँगला आले. वय सतरा, गाव परके, बोली परकी. मिळेल ते काम त्यांनी केले. छापखान्यात मुद्रिते तपासली, चित्रपटांची जाहिरातचित्रे रंगवली, नेपथ्य सजवले आणि मग हळूहळू कॅमेऱ्यासमोरही उभे राहू लागले. मधली काही वर्षे ते ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीसाठी कार्यक्रम तयार करत. १९५८ मध्ये मित्र ली हान-श्यांग यांच्या साहाय्याने ते शॉ ब्रदर्स या बलाढ्य चित्रसंस्थेत दाखल झाले. ली हे तेथील नामांकित दिग्दर्शक. त्यांच्या ‘द लव्ह इटर्न’ (१९६३) या तुफान लोकप्रिय झालेल्या संगीतपटात हू साहाय्यक दिग्दर्शक होते. हाँगकाँगमध्ये ज्या बीजिंगची आठवण घेऊन ते आले होते, ते शहर त्यांच्या हातून निसटले होते. पुढे त्यांनी आयुष्यभर पडद्यावर जो प्राचीन चीन उभा केला, त्यातील प्रत्येक दरवाजाची कडी आणि प्रत्येक टोपीची घडी बिनचूक असावी म्हणून त्यांनी जो अट्टहास केला, त्यामागे ही हुरहुर असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव झाले ते १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मुळे. गोष्ट साधी आहे. डाकूंनी राज्यपालाच्या मुलाला ओलीस ठेवले आहे आणि त्याची सुटका करण्यासाठी त्याची बहीण पुरुषवेषात एकटी येते. या ‘गोल्डन स्वॅलो’च्या भूमिकेसाठी हू यांनी निवडली विशीतली चेंग पेई-पेई. तिला युद्धविद्या येत नव्हती, नृत्य येत होते. ही निवड अपघाताने झालेली नव्हती. हू यांना स्वतःलाही युद्धविद्येचे ज्ञान नव्हते आणि ते तसे मोकळेपणाने सांगत. त्यांना हवी होती लय. युद्धदिग्दर्शनासाठी त्यांनी हान यिंग-च्ये हा पेकिंग ऑपेरात घडलेला कलावंत सोबत घेतला आणि या तिघांनी मिळून खाणावळीतला तो प्रसंग उभा केला, ज्याची नक्कल नंतर असंख्य चित्रपटांनी केली.

नायिका येऊन बसते, मद्य मागवते. एकेक करून डाकू आत येऊन भोवतीची मेजे अडवतात. गोड बोलणे चालते, धमक्या नम्रतेच्या वेष्टनात येतात. कोणी काही भिरकावतो, ती ते मान न वळवता अडवते. तलवार उपसण्याआधीच, तिच्या मनाचा थंडपणा आणि समोरच्यांच्या मनात शिरणारी चलबिचल, दोन्ही प्रेक्षकाला कळलेले असते. त्यामुळे लढाई सुरू होते तेव्हा कोण जिंकणार हा प्रश्न मागे पडतो. ही मुलगी एकटीने किती वेळ हे अवसान टिकवू शकेल, हा प्रश्न उरतो. आणि खरोखरच पुढे ती घायाळ होते.

त्याच चित्रपटात ‘ड्रंकन कॅट’ नावाचा एक भणंग गायक आहे. तो प्रत्यक्षात थोर योद्धा आहे. त्याला ज्याच्याशी अखेरचे द्वंद्व करायचे आहे, त्या दुष्ट मठाधिपतीने गुरूचा खून केला आहे. पण याच माणसाच्या शब्दाखातर, हा अनाथ असताना, गुरूने त्याला आश्रय दिला होता. उपकाराची जाणीव हात आखडवते आणि न्यायाची जाणीव हात उचलायला लावते. तळहातांतून वाफेसारखी शक्ती सोडण्याचा अखेरचा अद्भुत प्रकार आज थोडा भाबडा वाटेल, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या शक्तीपेक्षा योद्ध्याच्या मनातला पेच मोठा आहे आणि त्यामुळेच ते द्वंद्व लक्षात राहते.

चित्रपट चांगला चालला. पण शॉ ब्रदर्सचा कारखाना वेळापत्रकावर चाले आणि हू यांना घाई करणे जमत नसे. ते हाँगकाँग सोडून तैवानला गेले आणि युनियन फिल्म या संस्थेसाठी काम करू लागले. (त्यांच्यामागे शॉ यांनी ‘गोल्डन स्वॅलो’ याच नावाने १९६८ मध्ये पुढचा भाग काढला. चांग चेह यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात नायिका बाजूला पडली आणि पडदा नायकाच्या रक्ताने न्हाऊन निघाला. दोन दिग्दर्शकांच्या वृत्तींतला फरक पाहायचा असेल तर हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत.)

तैवानमधील पहिलाच चित्रपट ‘ड्रॅगन इन’ (१९६७). मिंग राजवटीतील यू छ्येन या निष्ठावान मंत्र्याला १४५७ साली देहदंड झाला, हा इतिहास. त्याच्या मुलांना सीमेवर हद्दपार केले जाते आणि कपटी खोजा सरदाराचे हेर त्यांना वाटेत संपवण्यासाठी एका आडरानातल्या सरायीत दबा धरून बसतात, ही हू यांची कल्पना. त्या काळी जेम्स बाँडच्या चित्रपटांनी गुप्तहेराला नायकपदी बसवले होते. हू यांना ते खटकले. माणसांवर पाळत ठेवून त्यांना गायब करणारी यंत्रणा किती भयानक असते, ते त्यांना मिंगकालीन ‘पूर्व कचेरी’च्या निमित्ताने दाखवायचे होते. सरायीत एक अनोळखी प्रवासी छत्री घेऊन निवांत शिरतो, शेवयांचा वाडगा मागवतो आणि हेरांच्या विषप्रयोगाला, बाणांना केवळ चातुर्याने उत्तरे देतो. तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशियात या चित्रपटाने उत्पन्नाचे विक्रम मोडले.

यशामुळे हू यांना हवे ते करण्याची मुभा मिळाली आणि येथूनच त्यांच्या आयुष्यातील खऱ्या नाट्याला प्रारंभ झाला. सतराव्या शतकातील लेखक पू सोंगलिंग यांच्या भुताखेतांच्या विलक्षण कथासंग्रहातील एक छोटी कथा त्यांनी घेतली आणि तिच्यावर तीन तासांचा चित्रपट रचायला घेतला. नायक कू हा तिशी ओलांडलेला, परीक्षेला न बसलेला, लोकांची चित्रे काढून पोट भरणारा पंडित. आई लग्नासाठी मागे लागलेली. शेजारच्या ओसाड गढीत एक तरुणी राहायला येते. गढीत भुते आहेत असा लोकांचा समज. ती भूत नसून, खोज्यांच्या कारस्थानात बळी गेलेल्या एका सचोटीच्या अधिकाऱ्याची फरारी मुलगी आहे, हे कूला आणि आपल्याला फार सावकाश उमगते. नायिका यांग प्रथम शस्त्र उचलते तोवर चित्रपटाचा जवळजवळ एक तास उलटून गेलेला असतो. युद्धपटासाठी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला एक तास थांबवायचे, हे धाडस तेव्हा कोणी केले नव्हते.

ती ओसाड गढी हू यांनी प्रत्यक्ष बांधून घेतली, तिला जुनेपण यावे म्हणून महिनोन्महिने खर्ची घातले, गवत वाढण्याची वाट पाहिली. पोशाखांपासून पाट्यांच्या अक्षरांपर्यंत सर्वांवर त्यांची नजर असे. यांगच्या भूमिकेत शू फेंग ही कोवळ्या वयाची अभिनेत्री होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू जवळजवळ कधीच येत नाही. ती लढते तेव्हा त्यात आवेश नसतो. अंगावर पडलेले एक काम पार पाडल्याचा शीण असतो. पळून पळून थकलेल्या माणसाचे ते लढणे आहे.

हू यांचे तंत्रही या भावनेला पूरक होते. उडी पूर्ण दाखवायची नाही, हा त्यांचा नेम. पाय जमिनीवरून सुटलेला दिसतो, मग फांद्यांतून एक फिकट आकृती चमकून जाते, मग दुसरीकडे पाय टेकलेला दिसतो. मधले काही तुकडे पडद्यावर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी काळ टिकतात. नट प्रत्यक्षात लपवलेल्या उसळपट्टांवरून उड्या मारत असत. पण अर्धवटच दिसल्यामुळे प्रेक्षकाचे मन उरलेले चित्र पुरे करते आणि माणूस उडाला यावर विश्वास ठेवते. लढणाऱ्यांच्या डोळ्यांना मात्र कॅमेरा भरपूर वेळ देतो. अद्भुत ते ओझरते आणि मानवी ते ठळक, अशी ही वाटणी आहे. आजच्या संगणकीय करामतींच्या काळात ती नेमकी उलटी झाली आहे.

या चित्रपटातील माझ्या मते सर्वश्रेष्ठ क्षण बांबूच्या वनात नाही. भित्रा पंडित कू शत्रूसाठी सापळा रचतो. गढी भुतांची असल्याची अफवा पसरवायची, बाहुल्या, दोऱ्या आणि घंटा यांच्या साहाय्याने सैनिकांची घाबरगुंडी उडवायची आणि अंधारात त्यांना कापून काढायचे. बेत फत्ते होतो. सकाळी कू आपल्या करामती न्याहाळत, एकेका बाहुलीकडे पाहून पोट धरून हसत गढीत फिरतो. आयुष्यात प्रथमच त्याच्या बुद्धीला कोणी विचारले आहे. हसता हसता तो एका वळणावर येतो आणि समोर प्रेतांचा खच पडलेला दिसतो. हसू ओठांवरच विरते. जी रात्र आपण त्याच्यासोबत मजेने पाहिली, ती आता पुन्हा, वेगळ्या डोळ्यांनी आठवावी लागते. तो यांगला शोधू लागतो, पण ती निघून गेलेली आहे. भिक्खू येऊन मृतांची व्यवस्था करू लागतात. विजयानंतरची ही सकाळ दाखवणे हे हू यांचे मोठेपण.

शेवट तर त्याहून विलक्षण. बौद्ध महास्थविर हुई युआन यांना कपटाने भोसकले जाते आणि त्यांच्या जखमेतून रक्ताऐवजी सोने पाझरते. मारणारा सेनापती भ्रमिष्ट होतो. ही भूमिका हान यिंग-च्ये यांनीच केली. ब्रूस ली यांच्या ‘द बिग बॉस’मधला (१९७१) खलनायक म्हणून आपल्याकडच्या प्रेक्षकांना त्यांचा चेहरा ओळखीचा वाटेल.

आणि ब्रूस ली हेच हू यांच्या दुर्दैवाचे एक निमित्त ठरले, असे म्हणता येईल. ‘अ टच ऑफ झेन’ पूर्ण व्हायला तीन वर्षे लागली. खर्चाने कावलेल्या निर्मात्यांनी तो तैवानमध्ये १९७० आणि १९७१ अशा दोन भागांत प्रदर्शित केला. हाँगकाँगमध्ये तो कापून एकसंध करून लावला गेला. दोन्हीकडे तो पडला. ज्या सुमारास हाँगकाँगमध्ये ही कापलेली प्रत लागली, त्याच सुमारास उघड्या छातीच्या, नुसत्या मुठींनी लढणाऱ्या ब्रूस ली यांची लाट उसळली होती. तलवार, धुके आणि ध्यान यांना विचारणारे कोणी उरले नव्हते.

चार वर्षांनी पारडे फिरले. हू यांनी मूळ लांबीची प्रत पुन्हा जुळवली आणि १९७५ च्या कान महोत्सवात ती दाखवली गेली. तेथे तिला उच्च तांत्रिक आयोगाचे पारितोषिक लाभले. पाश्चात्य समीक्षकांनी हू यांना डोक्यावर घेतले. मात्र पारितोषिकाने चित्रपटगृहे भरत नाहीत, हा अनुभव त्यांना येतच राहिला.

तोवर त्यांनी स्वतःची संस्था काढून दोन चित्रपट केले होते. ‘द फेट ऑफ ली खान’ (१९७३) पुन्हा एका सरायीत घडतो. ‘द व्हॅलियंट वन्स’मध्ये (१९७५) सागरी चाच्यांशी लढणाऱ्या एका जोडप्याची गोष्ट आहे. पत्नीच्या भूमिकेत शू फेंग. तिला जवळजवळ एकही संवाद नाही. पतीकडे टाकलेला कटाक्ष आणि त्याबरहुकूम सुटलेला बाण, एवढ्यावर त्या दोघांचा संसार आपल्याला कळतो. अखेर विजय मिळतो, पण बहुतेक साथीदारांच्या प्राणांच्या मोलाने.

१९७७ मध्ये हू यांचा विवाह लेखिका चुंग लिंग यांच्याशी झाला. त्यानंतर ते दक्षिण कोरियाला गेले. जुने विहार आणि डोंगर त्यांना तेथे जसेच्या तसे सापडले आणि त्यांनी एकापाठोपाठ दोन चित्रपट चित्रित केले. त्यांपैकी ‘लेजंड ऑफ द माउंटन’ची (१९७९) पटकथा चुंग लिंग यांची. दुसऱ्या, ‘रेनिंग इन द माउंटन’ (१९७९) या चित्रपटात एका मठातील पोथीसाठी चोर आणि सरदार यांची झटापट चालते. ही पोथी कोणी लिहिलेली? तर सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने. तिच्यासाठी माणसे मरतात. नवा महास्थविर अखेरीस तिच्या नकला करून घेतो आणि सर्वांसमक्ष मूळ पोथी जाळून टाकतो. शब्द वाचायचे असतात, कागद बळकावायचा नसतो. या चित्रपटात तलवारी फार कमी चालतात. रिकाम्या सज्जांतून चोरपावलांनी धावणारी माणसेच अधिक दिसतात. तरीही श्वास रोखून पाहावा लागतो.

ऐंशीच्या दशकात काळ त्यांच्यापासून दूर जात राहिला. मनाजोगते प्रकल्प पैशाअभावी रखडत. १९९० च्या ‘स्वोर्ड्समन’वर त्यांचे नाव दिग्दर्शक म्हणून झळकते, पण निर्माते त्सुई हार्क यांच्याशी मतभेद होऊन त्यांनी तो अर्ध्यावरच सोडला. त्सुई हार्क हू यांना मानणाऱ्या पिढीतले. त्यांनीच मोठ्या आदराने बोलावले होते. पण गुरुस्थानी मानलेल्या माणसाचा संथपणा नव्या धंद्याला पेलवला नाही. दोघांचीही बाजू समजू शकते, म्हणूनच ही गोष्ट अधिक चटका लावते. त्यांचा शेवटचा चित्रपट ‘पेंटेड स्किन’ पुन्हा पू सोंगलिंग यांच्याच कथेवरचा. तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

उत्तरायुष्यात ते कॅलिफोर्नियात राहत होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचे लोहमार्ग बांधण्यासाठी आलेल्या चिनी मजुरांवर एक चित्रपट करण्याचे त्यांच्या मनात अनेक वर्षे घोळत होते. ‘द बॅटल ऑफ ओनो’ हे त्याचे नाव. पटकथा तयार होती, पैसे उभे राहत नव्हते. अखेर नव्वदच्या दशकात हॉलिवूडमध्ये नाव मिळवलेल्या जॉन वू यांनी पाठबळ देऊ केले आणि चित्रीकरण दृष्टिपथात आले. त्याआधी हृदयाचे दुखणे उरकून घ्यावे म्हणून हू तैपेईत शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. १४ जानेवारी १९९७ रोजी त्यातच त्यांचे निधन झाले. वय अवघे चौसष्ट.

शू फेंग पुढे निर्मात्या झाल्या. त्यांच्या ‘फेअरवेल माय काँक्युबाइन’ या पेकिंग ऑपेराच्याच दोन नटांवरील चित्रपटाला १९९३ मध्ये कानचा सर्वोच्च सन्मान विभागून मिळाला. ‘अ टच ऑफ झेन’ची मूळ प्रत काळाने खराब होत चालली, तेव्हा तिच्या पुनरुज्जीवनासाठीही त्यांनीच पदर खर्च केला. ही नवी प्रत २०१५ साली कानमध्ये, पहिल्या सन्मानानंतर चाळीस वर्षांनी, पूर्ण तीन तास दाखवली गेली. लोहमार्गाच्या मजुरांवरची पटकथा मात्र अद्याप कागदावरच आहे.